जोसेफ सॅक्स आणि सार्वजनिक विश्वस्ततेचा सिद्धांत : ॲन आर्बर ते वायंगिणी

भारतीय न्यायालयांच्या पर्यावरणविषयक निर्णयांचे वाचन करणाऱ्यास एका अमेरिकन प्राध्यापकाचे नाव टाळता येत नाही. जोसेफ सॅक्स (१९३६-२०१४) यांचा 'मिशिगन लॉ रिव्ह्यू' या नियतकालिकातील १९७० चा दीर्घ लेख सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरमध्ये 'एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ' या खटल्यात विस्ताराने उद्धृत केला आणि सार्वजनिक विश्वस्ततेचा सिद्धांत हा या देशाच्या कायद्याचाच भाग असल्याचे घोषित केले. परंतु सॅक्स यांनी नेमके काय प्रतिपादन केले होते आणि ते कोणत्या अनुभवातून घडले, याकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

सॅक्स यांचा जन्म शिकागोचा. हार्वर्ड येथे पदवी आणि शिकागो विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी १९६२ पासून कोलोरॅडो विद्यापीठात अध्यापन केले व १९६६ मध्ये ते ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात आले. पर्यावरण कायदा ही स्वतंत्र ज्ञानशाखा तेव्हा अस्तित्वातच नव्हती. १९६९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील सांता बार्बरासमोरच्या समुद्रात तेलविहीर फुटली, किनारे काळे झाले आणि समुद्रतळाचे परवाने देणाऱ्या यंत्रणेला जाब कोणी विचारावयाचा, हा प्रश्न सर्वतोमुखी झाला. याच वातावरणात सॅक्स यांनी रोमन विधीपासून चालत आलेली एक कल्पना पुन्हा हाती घेतली. वायू, वाहते पाणी, समुद्र व समुद्रकिनारा या वस्तू सर्वांच्या असून राज्य त्यांचे केवळ विश्वस्त आहे, अशी ती कल्पना होय. अमेरिकेत तिचा प्रमुख आधार म्हणजे इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा १८९२ चा खटला. शिकागोच्या बंदरातील सरोवरतळाचा विस्तीर्ण भाग विधिमंडळाने रेल्वे कंपनीस देऊन टाकला होता. ते दान पुढे परत घेण्यात आले आणि परत घेण्याचा हा अधिकार न्यायालयाने मान्य केला.

या लेखातील तीन निर्बंध आपल्या न्यायालयांनी आवर्जून उचलले आहेत : विश्वस्त मालमत्ता सार्वजनिक प्रयोजनासाठी वापरली गेली पाहिजे व सर्वसामान्यांस उपलब्ध राहिली पाहिजे, तिची योग्य किंमत येत असली तरी ती विकता येऊ नये, आणि तिचा विशिष्ट प्रकारचा उपयोग जपला गेला पाहिजे. परंतु लेखाचा खरा गाभा निराळा आहे. सॅक्स यांच्या मते हा सिद्धांत म्हणजे प्रामुख्याने न्यायालयाच्या हाती असलेले एक तंत्र होते. थोड्यांचा मोठा लाभ आणि पुष्कळांची थोडीथोडी हानी अशी स्थिती असली की प्रशासन संघटित अल्पसंख्याकांकडे झुकते. अशा वेळी न्यायालयाने निर्णय स्वतःकडे न घेता तो उघड्यावर आणावा, प्रतिनिधिगृहाकडे परत पाठवावा आणि विखुरलेल्या लोकांचा आवाज तेथे पोहोचेल असे पाहावे. न्यायाधीशांना धोरणकर्ते करणे हा त्यांचा हेतू नव्हता. भाषांतरात आणि अवतरणांत हा भाग बहुधा गळून जातो, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे.

सॅक्स केवळ लेख लिहून थांबले नाहीत, आणि अध्यापकवर्गास त्यांच्या कारकिर्दीचा हाच भाग विशेष मननीय वाटावा. पश्चिम मिशिगनमधील एका नागरी पर्यावरण परिषदेच्या विनंतीवरून त्यांनी एका विधेयकाचा मसुदा केला. तोच १९७० चा मिशिगन पर्यावरण संरक्षण कायदा होय. हवा, पाणी व अन्य नैसर्गिक संपत्ती आणि तिच्यातील सार्वजनिक विश्वस्तता यांच्या रक्षणार्थ कोणाही व्यक्तीस न्यायालयात जाण्याचा अधिकार या कायद्याने दिला. पुढील वर्षांत या कायद्याखाली किती खटले दाखल झाले, कोणी केले, कसे निकालात निघाले, याची मोजदाद सॅक्स यांनी सहकाऱ्यांसह करून ती १९७२ व १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. स्वतः घडविलेल्या कायद्याचा हिशेब स्वतःच मांडणारा प्राध्यापक विरळाच म्हणावा लागेल. याच सचोटीने त्यांनी मालमत्ताहरणाविषयीचे १९६४ चे आपलेच मत १९७१ च्या लेखात मागे घेतले होते.

या कायद्याची खरी कसोटी ऊर्जेच्या प्रश्नावर लागली. उत्तर मिशिगनमधील पिजन नदीच्या सरकारी वनात तेल व वायूचे साठे आढळले आणि राज्याने दहा अन्वेषण विहिरींस परवानगी दिली. वनात 'एल्क' जातीच्या मोठ्या हरणांचा दुर्मीळ कळप होता. तेलटंचाईच्या त्या दशकात वन्यप्राण्यांसाठी तेल जमिनीतच ठेवा असे म्हणणे सोपे नव्हते. दावा केला तो पूर्वोक्त नागरी परिषदेनेच. १९७९ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅक्स यांच्या कायद्याच्या आधारे विहिरी थांबविल्या. मात्र कथा येथे संपली नाही. वाटाघाटी झाल्या, १९८० मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि वनाच्या मर्यादित भागात नियंत्रित उत्खनन सुरू झाले. तेलाच्या उत्पन्नातून सार्वजनिक भूमी खरेदी करण्याचा निधी १९७६ मध्येच स्थापन झाला होता. निर्भेळ विजय शोधणाऱ्यांस ही तडजोड खटकेल. सॅक्स यांच्या कसोटीने पाहता मात्र न्यायालयाने प्रश्न अडवून धरला आणि प्रतिनिधींनी तो उघडपणे सोडविला, असेच म्हणावे लागते.

१९८६ मध्ये सॅक्स बर्कलीस गेले. १९९४ ते १९९६ या काळात त्यांनी केंद्रीय अंतर्गत कारभार मंत्री ब्रूस बॅबिट यांचे सल्लागार म्हणून काम केले. तत्पूर्वी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिस शहराच्या पाणीउपशामुळे आटत चाललेल्या मोनो सरोवराच्या प्रकरणात विश्वस्ततेचा सिद्धांत पाणीहक्कांनाही लागू केला होता.

भारतात हा सिद्धांत बियास नदीच्या काठी, एका मोटेलला दिलेल्या वनजमिनीच्या भाडेपट्ट्याच्या निमित्ताने आला. पुढे त्याचा विस्तार झपाट्याने झाला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील नैसर्गिक वायूचा जो तंटा मुंबई उच्च न्यायालयातून वर गेला, त्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वायू ही जनतेची मालमत्ता असून शासन तिचा विश्वस्त आहे असे म्हटले. २०१२ च्या फेब्रुवारीत दूरसंचार लहरींचे १२२ परवाने रद्द करताना हीच भूमिका लिलावाच्या आग्रहापर्यंत गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर मत देताना, लिलाव हाच एकमेव मार्ग नव्हे असा खुलासा न्यायालयास करावा लागला. वायू वा लहरी म्हणजे नदीकाठ नव्हे, हे मान्य. तरीही 'योग्य किंमतीसही विकू नये' असे सांगणारा सिद्धांत 'योग्य किंमत आली का' या प्रश्नाशी येऊन ठेपला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

सॅक्स यांच्या मूळ आशयाशी अधिक जवळचे प्रकरण आपल्या शेजारी, गोव्यात घडले. दोनापावल परिसरातील वायंगिणी किनाऱ्यालगत एका हॉटेलसाठी भूसंपादन झाले, तेव्हा किनाऱ्याकडे जाणारी जुनी वाट लोकांसाठी खुली ठेवण्याची अट करारात होती. बांधकामाने ती अडली. फोमेंटो रिसॉर्ट्सच्या या खटल्यात २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विश्वस्ततेचा सिद्धांत विशद करून लोकांचा वाटेवरील हक्क मान्य केला आणि अडथळा दूर करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश कायम ठेवला. मोठमोठ्या खनिजसंपत्तीपुढे समुद्रावर जाणारी एक पायवाट क्षुल्लक वाटेल. परंतु सर्वसामान्यांस उपलब्ध राहिली पाहिजे, हा पहिला निर्बंध जपला गेला तो येथेच.

त्यानंतर जे झाले त्याची तुलना पिजन नदीशी करण्याचा मोह आवरत नाही. तेथेही न्यायनिर्णयानंतर विधिमंडळ पुढे आले होते, येथेही आले. फरक इतकाच की गोव्यात सुरुवात अध्यादेशाने झाली. २००९ मध्येच भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती करण्यात आली, नंतर तिचे अधिनियमात रूपांतर झाले आणि निर्णयाचा आधारच काढून घेतला गेला. या दुरुस्तीस दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळले. विधिमंडळास तसा अधिकार आहे, हे घटनात्मकदृष्ट्या निर्विवाद होय. सॅक्स यांचा प्रश्न मात्र अधिकाराविषयी नव्हताच. वाटेने चालणाऱ्या विखुरलेल्या लोकांचे म्हणणे अध्यादेश निघण्यापूर्वी कोणत्या सभागृहात ऐकले गेले, असे त्यांनी विचारले असते.