काम सांगणाऱ्याचं नाव, काम करणाऱ्याचं नाव

गटातल्या एखादीला भिंत रंगवण्याचं किंवा मांडवासाठी चित्र काढून देण्याचं काम आलं की पहिला प्रश्न पडतो, पैसे किती आणि कधी मागायचे? असं सांगून काम करून घ्यायची रीत आपल्या जुन्नरात दोन हजार वर्षं जुनी आहे. तिचा पुरावा लेण्याद्री, मानमोडी आणि शिवनेरीच्या डोंगरात कोरलेला आहे.

इसवी सनाच्या आधीपासून पुढे तीन-चारशे वर्षं इथे लेणी कोरली गेली. नाणेघाटातून कल्याण बंदराकडे मालाची ये-जा होती, म्हणून पैसा होता. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचं दान आहे. तो हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा मुलगा, असं लेख सांगतो. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. एकट्याला न झेपणारं काम त्यांनी मिळून सांगितलं.

काम वाटूनही दिलं जाई. शिवनेरीवर चिट नावाच्या यवनाने, म्हणजे परदेशी माणसाने, भोजनमंडप दिला. मानमोडीवर चंद नावाच्या यवनाने लेण्याचा फक्त दर्शनी भाग दिला. तिथे कमानीत गजलक्ष्मी कोरलेली आहे, पण आतलं काम अर्धवटच आहे. लेणं वरून खाली कोरत येतात. एकदा दगड उडाला की परत जोडता येत नाही. म्हणून काय हवं, किती हवं हे आधीच ठरवावं लागे. दगडकाम झाल्यावर रंगाची पाळी. शिवनेरीच्या एका लेण्याच्या छतावर जुन्या रंगांच्या खुणा आजही दिसतात.

पैशाचा व्यवहारही पक्का असे. जुन्नरच्या एका लेखात बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या पैशांची नोंद आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात तर पूर्ण हिशेबच आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने 3000 कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. 2000 वर महिना शेकडा एक आणि 1000 वर शेकडा पाऊण व्याज. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. 2000 चं वर्षाचं व्याज 240 होतं. त्यातून वीस भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी 12 मिळायचे. करून बघा, हिशेब बरोबर जुळतो. हे सगळं नगराच्या सभेत वाचून दाखवलं आणि लिहून ठेवलं. त्याच लेण्यात उषवदाताची बायको दक्षमित्रा हिने एक खोली दान दिली, आणि तिचं नाव तिथे कोरलेलं आहे.

पण मैत्रिणींनो, या लेखांत नाव असतं ते दान देणाऱ्याचं. ज्याने छिन्नी चालवली, ज्याने छतावर रंग लावला, त्याचं नाव सहसा नसतं. वारली चित्रांचंही तसंच झालं. पालघर भागात लग्नाचा चौक लिहायला लग्नघरी सवाष्णींना बोलावलं जाई. त्या बायका कोण होत्या, हे कुठे लिहिलेलं नाही. पुढे हे चित्र कागदावर आलं, विकलं जाऊ लागलं, तेव्हा चित्राबरोबर नाव जाऊ लागलं. जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. तो मान मोठाच आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं त्याआधीच हरवली होती.

तेव्हा पुढचं काम घेताना तीन गोष्टी करा. काय काढायचं, किती जागेत आणि किती दिवसांत, हे वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. रंगाच्या खर्चाइतकी तरी उचल आधी घ्या. आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात काढणारीचं नाव आणि गाव लिहा. गटाने काढलं असेल तर गटाचं लिहा. काम सांगणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं, म्हणजे शेवटी वाद होत नाही.