तीव्र अग्निपिंडशोथ, कुत्र्यांतील : श्राव्यातीत ध्वनिचित्रणाद्वारे निदानाचा इतिहास

अग्निपिंडाला एकाएकी येणाऱ्या दाहयुक्त सुजेस तीव्र अग्निपिंडशोथ म्हणतात. अग्निपिंडात तयार होणारी प्रथिन-पाचक एंझाइमे एरवी निष्क्रिय अवस्थेत ग्रहणीत (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) उतरतात व तेथे कार्यक्षम होतात. ती ग्रंथीतच कार्यक्षम झाली म्हणजे ग्रंथीचे स्वतःचेच पचन होऊ लागते व भोवतालच्या वसेलाही इजा पोहोचते. कुत्र्यांत हा विकार बराच आढळतो. वांत्या, अन्नावरची वासना जाणे, मरगळ व पोटदुखी ही त्याची प्रमुख लक्षणे होत. तथापि आतड्यात हाड किंवा चेंडू अडकला असताही हीच लक्षणे दिसतात. अशा अडथळ्यावर बहुधा तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. उलट अग्निपिंडशोथात शिरेवाटे द्रव देणे, वेदनाशमन, वांती थांबविणारी औषधे व योग्य आहार यांवर भर असतो आणि शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते. त्यामुळे निदानातील चूक प्राण्याच्या जिवावर बेतू शकते.

पूर्वेतिहास : क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकांनी १८५६ मध्ये कुत्र्याच्या अग्निपिंड नलिकेत पित्त व तेल सोडून हा विकार प्रयोगाने निर्माण केला. १८८९ मध्ये बॉस्टन येथील रेजिनाल्ड फिट्‌स यांनी माणसातील तीव्र अग्निपिंडशोथाचे सविस्तर वर्णन केले. त्याच वर्षी फोन मेरिंग व मिंकोव्हस्की यांनी कुत्र्याचे अग्निपिंड काढून टाकले असता त्यास मधुमेह होतो, असे दाखविले. ग्रंथीच्या स्वयंपचनाची कल्पना हान्स किआरी यांनी १८९६ मध्ये मांडली. माणसाला अग्निपिंडाविषयी मिळालेल्या ज्ञानाचा मोठा भाग अशा रीतीने कुत्र्यावरील प्रयोगांतून आला. परंतु खुद्द कुत्र्याच्या आजाराचे जिवंतपणी खात्रीलायक निदान करण्याचे साधन दीर्घकाळ उपलब्ध नव्हते. रक्तातील अमायलेज व लायपेज या एंझाइमांचे प्रमाण मोजले जाई. पण ही एंझाइमे इतर अवयवांतूनही येतात व मूत्रपिंडाच्या विकारातही वाढतात. क्ष-किरण चित्रात पोटाच्या उजव्या वरच्या भागात अस्पष्टपणा किंवा ग्रहणीचे विस्थापन दिसे, प्रत्यक्ष ग्रंथी दिसत नसे. खात्री होई ती पोट उघडल्यावर वा शवपरीक्षेत.

ध्वनिचित्रणाचा उदय : प्येअर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाबविद्युत् परिणामाचा शोध लावला. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांझ्‌व्हँ यांनी त्याचा उपयोग पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी केला. वैद्यकात या तत्त्वाचा अवलंब करण्याचा आरंभीचा प्रयत्न ऑस्ट्रियातील कार्ल डुसिक यांनी १९४० नंतरच्या दशकात केला. ग्लासगो येथील इअन डॉनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटातील गाठींच्या तपासणीविषयीचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध केला आणि या पद्धतीला वैद्यकात पक्के स्थान मिळाले. पशूंच्या बाबतीत तिचा प्रवेश मात्र गोठ्यातून झाला. जिवंत गुरांच्या कातडीखालील वसेची जाडी मोजण्यासाठी ती अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात वापरली गेली. पुढे मेंढ्यांतील गर्भधारणा ओळखण्यासाठी आणि १९८० च्या सुमारास घोडीच्या प्रजोत्पादन तंत्राच्या तपासणीसाठी तिचा उपयोग होऊ लागला. आर्थिक लाभाच्या जनावरांनंतर पाळीव कुत्र्याची पाळी आली.

कुत्र्यातील अग्निपिंडाचे चित्रण : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील टी. जी. नायलंड व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये, प्रयोगाने निर्माण केलेल्या तीव्र अग्निपिंडशोथात श्राव्यातीत ध्वनिचित्रे कशी दिसतात, याचे वर्णन प्रसिद्ध केले. १९८५ मध्ये आर. जे. मर्टॉ व सहकाऱ्यांनी असाच दुसरा अभ्यास मांडला. आपल्या आजाराच्या निदानासाठीही प्रयोगाचे मोल प्रथम कुत्र्यानेच दिले.

कुत्र्याचे अग्निपिंड सामान्यतः इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे असते. त्याचा उजवा खंड ग्रहणीलगत व डावा खंड जठराच्या मागे असतो. उजव्या खंडातून जाणारी शीर ही तो ओळखण्याची मुख्य खूण होय. डावा खंड जठर व मोठे आतडे यांतील वायूमुळे अनेकदा झाकला जातो, कारण ध्वनितरंग वायूतून पलीकडे पोहोचत नाहीत. रोगात ग्रंथी मोठी व चित्रात नेहमीपेक्षा काळसर दिसते, भोवतालची वसा उजळ दिसते, ग्रहणीची भित्ती जाड व कधीकधी नागमोडी होते आणि काही रोग्यांत पोटात थोडा द्रव आढळतो.

मर्यादांची जाणीव : प्रयोगातील रोग केव्हा व कोठे सुरू झाला हे संशोधकाला ठाऊक असते. नैसर्गिक रोगात तसे नसते; शिवाय विकृती पुष्कळदा ग्रंथीत तुकड्यातुकड्यांनी पसरलेली असते. प्राणघातक ठरलेल्या ७० रोगी कुत्र्यांचा अभ्यास आर. एस. हेस व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ज्यांचे ध्वनिचित्रण झाले होते त्यांतील सु. ६८ टक्के कुत्र्यांत चित्र रोगास अनुकूल होते. क्ष-किरण चित्राच्या बाबतीत हे प्रमाण सु. २४ टक्केच होते. नवे साधन जुन्यापेक्षा सरस ठरले, तरी अत्यंत गंभीर रोगातही सुमारे तिसरा हिस्सा त्यातून निसटला. २००३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील जे. एम. स्टाइनर व सहकाऱ्यांनी केवळ अग्निपिंडातील लायपेज मोजणाऱ्या रक्तचाचणीची माहिती प्रसिद्ध केली आणि चित्राला रक्ताची साक्ष जोडता येऊ लागली.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने चित्रवाचनातील पेच स्पष्ट केला. ग्रंथीची वाढ, तिच्या प्रतिध्वनींतील बदल व भोवतालच्या आंत्रबंधातील बदल यांपैकी एक खूण पुरेशी मानली, तर सु. ८९ टक्के रोगी ओळखले जात, पण हा रोग नसलेल्यांपैकी सु. ४३ टक्केच कुत्री वगळता येत. तिन्ही खुणांचा आग्रह धरला, तर वगळण्याचे प्रमाण सु. ९२ टक्क्यांवर जाई. मात्र रोग्यांपैकी सु. ४३ टक्केच सापडत. म्हणजे निकष सैल केल्यास निरोगी ग्रंथीवर रोगाचा शिक्का बसतो व कडक केल्यास रोगी हातचा निसटतो.

यावरून ध्वनिचित्राचे खरे स्थान ध्यानात येते. ते एकट्याने निर्णय देत नाही; लक्षणे, शारीरिक तपासणी व रक्तचाचणी यांच्याबरोबर वाचावयाचा तो एक पुरावा आहे. चित्र स्वच्छ दिसले म्हणून रोग नाही, असे म्हणता येत नाही. तपासनिसाचा अनुभव, यंत्राची प्रत व तपासणीची वेळ यांनुसारही चित्र बदलते आणि पहिल्या दिवशी न दिसलेली विकृती एकदोन दिवसांनी दिसू शकते. आतड्यातील अडथळा वा पित्तनलिकेचा रोध त्याच तपासणीत शोधता येतो, हा त्याचा मोठा व्यावहारिक लाभ होय. जी ग्रंथी पूर्वी प्रायः शवपरीक्षेतच दिसे, ती पोट न उघडता पाहता येऊ लागली. जे दिसले त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी मात्र पशुवैद्यकाचीच राहिली आहे.