इंजिन नेमकं बसवायचं कुठे?

इंजिन लावलेली सायकल रस्त्यात दिसली की लोक ‘जुगाड आहे’ म्हणून मोकळे होतात. पण शोरूममध्ये उभ्या असलेल्या यच्चयावत मोटारसायकलींचं मूळ याच जुगाडात आहे. सुरुवातीच्या बहुतेक कारागिरांना वेगळं वाहन घडवायचंच नव्हतं. पायडल न मारता सायकल चालावी, एवढीच त्यांची हौस. अडचण अशी की सायकलमध्ये रिकामी जागा मुळातच थोडी आणि इंजिन जड, तापणारं, थरथरणारं. त्यामुळे पहिली सोळा वर्षं सगळी डोकेफोड एकाच प्रश्नावर झाली: हे धूड बसवायचं कुठे?

1885 साली जर्मनीत गॉटलिब डाइमलरने ते थेट बैठकीखाली बसवलं. त्याच्या गाडीचा सांगाडा लाकडी होता आणि तोल सांभाळायला दोन्ही बाजूंना छोटी चाकं होती. त्याच्या इंजिनात इंधन पेटवायला ठिणगी नव्हे, तर ज्योतीवर लालबुंद केलेली नळी होती. ती नळी आली नेमकी स्वाराच्या खाली. डाइमलरचा मुलगा पाउल चाचणीला निघाला आणि वाटेत बैठकीनेच पेट घेतला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्लीची ‘रोव्हर’ सायकल आली: दोन जवळपास सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन. 1888 मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला. इंजिनाला पेलणारा सांगाडा आणि त्याचे धक्के सोसणारं चाक, दोन्ही आता हाताशी होतं.

पॅरिसमध्ये राहणाऱ्या वेर्नर बंधूंनी 1897 मध्ये इंजिन हँडलपुढे, पुढच्या चाकाच्या डोक्यावर टांगलं आणि चामडी पट्ट्याने तेच चाक फिरवलं. गाडी खपली चांगली, पण सगळा भार वर आणि पुढे. ओल्या रस्त्यावर ती घसरे, आडवी पडली की तापलेल्या नळीमुळे पेटायचीही भीती. 1901 मध्ये त्याच भावांनी इंजिन खाली आणलं: पायडलच्या अक्षाजवळ, सांगाड्याच्या पोटात. भार दोन्ही चाकांच्या मधोमध आणि जमिनीलगत आला आणि भांडण मिटलं. मोटारसायकलचं इंजिन आजही तिथेच असतं. सायकलला लावायला ऑनलाइन मागवलेल्या चिनी किटचं इंजिनही तिथेच बसतं.

मोटारसायकल मग आपल्या वाटेने गेली. ती जड झाली, तिची पायडलं गळाली. सायकललाच इंजिन लावायची गरज मात्र पुन्हा पुन्हा उगवत राहिली, आणि बहुतेक वेळा टंचाईच्या दिवसांत. 1939 मध्ये विमानाचे भाग बनवणाऱ्या लॉस एंजेलिसच्या एका कंपनीने ‘व्हिझर’ नावाचं सुटं इंजिन विकायला काढलं. युद्ध पेटल्यावर ते कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांच्या कामी आलं. 1946 मध्ये हामामात्सु शहरात सोइचिरो होंडाला जपानी लष्कराची उरलेली छोटी इंजिनं मिळाली. वायरलेस संचांना वीज पुरवण्यासाठी बनवलेली ती इंजिनं त्याने सायकलींना जोडली. पहिल्या गाडीची टाकी म्हणजे घरातली गरम पाण्याची बाटली. होंडा कंपनीचा जन्म असा झाला. त्याच सुमारास इटलीत सायकलला जोडायचं ‘कुचोलो’ इंजिन आणि फ्रान्समध्ये इंजिनाची ‘व्हेलोसोलेक्स’ सायकल आली. सोलेक्सने तर इंजिन पुन्हा पुढच्या चाकावर नेलं. पण ते इतकं हलकं होतं की वेर्नरची चूक तिला भोवली नाही.

आज किट म्हणून जे विकलं जातं, त्याचं घराणं सोव्हिएत आहे. तिथे 1950 च्या दशकात सायकलसाठी ‘डी’ मालिकेतली 45 सीसीची साधी टू-स्ट्रोक इंजिनं निघाली. तोच साचा चीनमध्ये गेला, थोडा फुगला आणि जगभर पसरला. जाहिरातीत त्याला ‘80 सीसी’ म्हणतात. सिलिंडरचा व्यास 47 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 38 मिलिमीटर धरून गुणाकार केला तर उत्तर 66 सीसीच येतं.

ज्या ‘क्रूझर’ नावाच्या रुंद टायरच्या सायकलवर हे किट चढवायचं, तिची कुळीही ऐकण्यासारखी आहे. शिकागोची श्विन कंपनी सायकली करायची आणि एक्सेल्सियर-हेंडरसन मोटारसायकलीही. मंदीत 1931 साली मोटारसायकलींचं काम बंद पडलं. 1933 मध्ये त्याच कंपनीने 26 इंची चाकाची, दोन इंचांहून रुंद फुगीर टायरची सायकल काढली. पुढे अशा सायकलींना पोकळ टाकी, मोठा दिवा असा मोटारसायकलचा साज चढला. ज्या पोरांच्या घरी मोटारसायकल परवडत नव्हती, त्यांच्यासाठी हा थाट. म्हणजे मोटारसायकलची नक्कल करणाऱ्या सायकलवर आज हौशी लोक खरंखुरं इंजिन बसवतात.

किट बसवताना घाम फुटतो तो मागच्या चाकापाशी. इंजिनाची चेन डाव्या बाजूने येते, कारण उजवी बाजू पायडलच्या चेनने अडवलेली असते. त्यासाठी मागच्या चाकाला डावीकडे 44 दात्यांचं दुसरं चक्र लावावं लागतं. हे चक्र हबवर बसत नाही. ते चाकाच्या तारांनाच आवळतात. तारांच्या आत एक रबरी चकती, बाहेर दुसरी, आणि दोन्हींतून आरपार नऊ बोल्ट. हे गणित 36 तारांच्या चाकासाठी केलेलं आहे: दर चार तारांमागे एक बोल्ट. आपल्या घराघरांतल्या काळ्या रोडस्टर सायकलच्या मागच्या चाकाला तारा असतात 40. चाळिसाला नवाने भाग जात नाही. बोल्ट तारांवर चढतात, चक्र तिरपं बसतं आणि चेन उतरते. बहुतेक क्रूझरना 36 तारा असतात, म्हणून किट त्यांनाच मानवतं. तिथेही बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जावे लागतात. एकच बोल्ट घट्ट केला की चक्र डुलायला लागतं.

बाकीचं काम त्यामानाने सरळ. क्लच दाबून पायडल मारायचं, वेग आला की क्लच सोडायचा. मागचं चाक इंजिनाला फिरवतं आणि इंजिन पकडतं. आतले गिअर आणि चेन मिळून चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या सुमारे 18 फेऱ्या होतात. इंजिन मिनिटाला 5,000 फेऱ्यांवर असेल तर 26 इंची चाकाची सायकल ताशी 34 किलोमीटरच्या आसपास पळते. आपण रमतगमत पायडल मारतो तेव्हा वेग याच्या निम्मा असतो. वेग दुप्पट झाला की तेच ब्रेक लावून थांबायला चौपट अंतर लागतं. कोणत्याही जुन्या मिस्त्रीला हे सूत्राशिवाय कळतं. आपल्या नागपुरी बोलीत तो एवढंच विचारेल, ‘‘इंजन तं बसून जाईन भाऊ, पण गाडी थांबन कशी, ते सांगा पयले!’’

या प्रश्नाला कारखान्याने दिलेलं उत्तर महाराष्ट्रात 1972 मध्ये आलं. ह. कुं. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने अहमदनगरला (आता अहिल्यानगर) लूना बनवायला सुरुवात केली. इटलीच्या पियाजिओ कंपनीची ‘चाव’ हा तिचा नमुना. इंजिन 50 सीसीचं, क्लच आपोआप धरणारा, आणि पायडलं शाबूत. किट आणि लूना यांत फरक हा की लूनाचा सांगाडा, चाकं आणि ब्रेक आधीच इंजिनाचा विचार करून केलेले होते. त्याआधी ‘सुवेगा’ होती, नंतर 1980 मध्ये दोघांना बसता येईल अशी ‘टीव्हीएस 50’ आली. पण मराठी घरात या जातीच्या सगळ्याच गाड्यांना लूना म्हटलं गेलं.

लूनाची वेळही अचूक होती. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं. नागपूर तेव्हा सायकलींवर चालत होतं. 1877 पासूनची एम्प्रेस मिल, मॉडेल मिल, अंबाझरीचा आयुध कारखाना. पाळी सुटली की रस्ते सायकलींनी भरत. शहर बरंचसं सपाट, सायकलला सोयीचं. छळतं ते ऊन. पारा पंचेचाळिसावर गेला की इतवारीहून कामठीला पायडल मारत जाणं ही शिक्षाच. शिक्षिका, बँकेतले कारकून, विमा एजंट, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले दूधवाले, या सगळ्यांना लूनाने उन्हातून सोडवलं. पुढे दांडा नसल्याने साडी नेसून बसता येई. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी येता येई, आणि सेमिनरी हिल्सच्या चढावर इंजिनाला पायांनी हातभार लावावा लागे.

पायडलं अखेर इथेही गेली. टीव्हीएसच्या आजच्या ‘एक्सएल 100’ ला ती नाहीत. फेब्रुवारी 2024 मध्ये नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते विजेवरची ई-लूना बाजारात आली, तिलाही नाहीत. उलट दिशेने विचार झाला तो सातारा जिल्ह्यातल्या फलटणला. निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षा सुधारली आणि तिला मदतीपुरती विजेची मोटर जोडली. माणूस पायडल मारत राहील, मोटर चढाला आणि ओझ्याला हात देईल, असा तो बेत.

कायद्याची रेघही याच दोन विचारांमधून जाते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीचं इंजिन 25 सीसीपर्यंत असेल तर ती मोटार वाहनात मोडत नाही. 66 सीसीचं किट बसवलं की सायकल त्या रेघेपलीकडे जाते: नोंदणी, विमा, परवाना, हेल्मेट सगळं लागू होतं, आणि घरी जुळवलेल्या गाडीला नोंदणी मिळणं जवळपास अशक्य. विजेच्या बाजूला ही रेघ 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटर इथे आहे. नेटाने पायडल मारणारा साधा माणूस शंभरेक वॅट देतो. म्हणजे नियम सायकलवर आणखी दोन-अडीच माणसांचं बळ चढवू देतो. किटचं इंजिन दीड-दोन अश्वशक्तीचं, म्हणजे दहा-पंधरा माणसांचं. एवढं बळ सायकलच्या सांगाड्याला आणि रबरी गुटक्यांच्या ब्रेकला सोसत नाही.

इंजिनाची जागा 1901 मध्येच ठरली. तेव्हापासूनचा खरा प्रश्न ब्रेकचा आहे. तेव्हा नागपुरात कोणाला हा छंद करायचाच असेल, तर क्रम उलटा धरावा. आधी दोन्ही चाकांचे ब्रेक, मग मागच्या चाकाच्या तारा, इंजिन सगळ्यात शेवटी. पेट्रोलचं किट लावलेली सायकल स्वतःच्या आवारात खुशाल चालवावी. वर्धा रोडवर ती आणू नये. रोज कामाला जायला गाडी हवी असेल, तर 250 वॅटच्या आतली प्रमाणित, पायडलची ई-सायकल घ्यावी.