रुक्मीचे धनुष्य

वऱ्हाड म्हटले की डोळ्यांपुढे कापूस येतो. धनुष्य काही येत नाही. तरीही महाभारतातला एक नामांकित धनुर्धर याच मुलखाचा. तो म्हणजे विदर्भराज भीष्मकाचा पुत्र, रुक्मिणीचा भाऊ रुक्मी. द्रुम नावाच्या किंपुरुषापाशी तो धनुर्विद्या शिकला आणि गांडीव व शार्ङ्ग यांच्या तोडीचे ‘विजय’ नावाचे धनुष्य त्याला लाभले. त्याचे कुंडिनपूर म्हणजेच अमरावती जिल्ह्यातले, वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर, असे परंपरा मानते. रुक्मिणीहरणाच्या वेळी कृष्णाकडून हार खाल्ल्यावर तो तिकडे परतला नाही. त्याने भोजकट वसवले. हे नाव निव्वळ पुराणातले नव्हे. अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडलेल्या, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात भोजकट-राज्याचा उल्लेख आहे.

पुढे भारतीय युद्धाच्या वेळी रुक्मी सैन्य घेऊन पांडवांकडे गेला आणि अर्जुनाला म्हणाला, भ्यायला असशील तर मी आहे. अर्जुन हसला. मग रुक्मी तेच बोलणे घेऊन दुर्योधनाकडे गेला. त्यानेही त्याला परत पाठवले. एवढे मोठे धनुष्य, पण कुरुक्षेत्रावर त्याचा एक बाणसुद्धा सुटला नाही! शेवटही रणांगणावर नव्हे. नातीच्या लग्नात द्यूताच्या पटाशी त्याने बलरामाला हिणवले आणि त्याच्याच हातून तो मारला गेला.

मला ही गोष्ट नेहमी अस्वस्थ करते. विद्या होती, साधन होते. ते कशासाठी, एवढेच त्याला उमगले नव्हते.

इतिहासाने हा प्रश्न पुढे साऱ्याच धनुष्यांपुढे टाकला. अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानावर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने भोसले-शिंद्यांच्या सैन्याचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, त्याचे तट फोडले ते तोफांनी. धनुष्य त्याआधीच मागे पडत चालले होते. लढाईत उपयोग संपला, मग ते उचलायचे कशाला?

याचे उत्तर आखाड्याने दिले. शत्रू समोर नसतानाही अंग कमावता येते, ही दृष्टी आखाड्याची. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने देशी व्यायामप्रकार जगाला दाखवले. पुढे अमरावतीच्याच क्रीडा प्रबोधिनीत सातारा जिल्ह्यातल्या मजुराचा मुलगा प्रवीण जाधव धनुर्विद्या शिकला आणि २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकला गेला. २०२३ साली त्याच बर्लिन शहरात साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले. त्यांची धनुष्ये आधुनिक, चाके लावलेली. पण मनाची स्थिरता तीच जुनी.

ज्याला पदक नको, नुसता छंद हवा, त्याला साधे बांबूचे धनुष्यही पुरते. त्याला नेम धरायची दुर्बीण नसते, खूण नसते. डोळा, खांदा आणि श्वास एवढेच भांडवल. नवशिक्याने हलके धनुष्य घ्यावे. पेलवत नसलेले ओढण्याच्या हौसेने खांदा दुखावतो, आणि नेम तर लागतच नाही. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. बाणाला जायचा जोर धनुष्यातच फिरतो आणि ते तडकते. सराव संपला की दोरी उतरवून ठेवावी. सदा चढवलेल्या धनुष्याचा ताण मरतो.

रुक्मीला द्रुमाने पुष्कळ शिकवले असेल. ही दोरी उतरवण्याची गोष्ट मात्र त्याने ध्यानात घेतली नाही. संध्याकाळी चार बाण मारून, चुकलेले वेचून, दोरी उतरवून घरी जाणारा आजचा हौशी माणूस कोणाला जिंकत नाही. पण त्या मानी राजपुत्राला जे कधी साधले नाही, ते त्याला रोज साधते.