पालघरच्या किनाऱ्यावरचं ग्रीक नाणं: ‘दाम’ हा शब्द आला कुठून?

‘दामदुप्पट’, ‘खिशात छदाम नाही’ असं आपण सहज बोलतो. यातला ‘दाम’ मूळचा ग्रीक आहे, हे माहीत होतं का? ग्रीक लोकांच्या चांदीच्या नाण्याचं नाव होतं ‘द्राख्मे’. संस्कृतात त्याचं ‘द्रम्म’ झालं, प्राकृतात ‘दम्म’ आणि पुढे ‘दाम’.

ग्रीक नाणी इकडे कशी आली?

अलेक्झांडरनंतर भारताच्या वायव्य भागात ग्रीक राजे राज्य करत होते. मिनँडर म्हणजेच बौद्ध ग्रंथांतला मिलिंद, हा त्यांतलाच एक. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात म्हटलंय, की मिनँडर आणि अपोलोडोटस यांचे जुने द्राख्मे भडोच बंदरात अजून चालतात. याच ग्रंथात भडोचनंतरच्या बंदरांमध्ये ‘सौप्पारा’चं नाव येतं. हे आजचं नालासोपारा, पालघर जिल्ह्यातलं.

नहपानाची नाणी

या किनाऱ्यावर पुढे क्षहरात क्षत्रप नहपानाची सत्ता आली. त्याने ग्रीक पद्धतीचीच चांदीची नाणी पाडली. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. गंमत म्हणजे अक्षरं ग्रीक असली तरी भाषा प्राकृत. नंतरच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ही ग्रीक अक्षरं नुसती नक्षी होऊन राहिली.

नहपानाचा जावई उषवदात याचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. त्याने शूर्पारकात, म्हणजे सोपाऱ्यात, दानं दिली आणि काही नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. त्या नद्यांत ‘दाहनुका’ आहे. ती डहाणूची नदी, असं अभ्यासक मानतात. याच लेण्यातल्या दुसऱ्या एका लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण असा हिशोब कोरलाय. म्हणजे ३५ चांदीच्या नाण्यांना एक सोन्याचं. दोन हजार वर्षांपूर्वीचा विनिमय दरच म्हणा ना!

सत्ता बदलली, ठसा बदलला

गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपानाची १३ हजारांहून जास्त नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला होता. चांदी तीच, राजा नवा. ही लढाई कोणी जिंकली, याचा पुरावा असा नाण्यांनीच दिला.

१८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. आतल्या करंडकात यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं. त्यावरही राजाचा चेहरा आहे. सातवाहनांच्या बहुतेक नाण्यांवर तो नसतो. ही पद्धत क्षत्रपांकडून आली आणि त्यांच्याकडे ग्रीकांकडून.

राजवटी गेल्या तरी नाव टिकलं. तारापूरशेजारच्या चिंचणीत राष्ट्रकूट आणि शिलाहार काळातले ताम्रपट सापडले. त्यांतही पैशाचा हिशोब द्रम्मांत येतो.

तुम्हाला जुनं नाणं सापडलं तर?

वसई-विरारपासून बोईसरपर्यंत पायाखोदाई सतत चालू असते. खोदताना नाणी सापडली तर तीन गोष्टी लक्षात ठेवा:

• चिंच, लिंबू किंवा ब्रशने घासू नका. अक्षरं कायमची जातात.
• नाणं नेमकं कुठे, किती खोल आणि कशाबरोबर मिळालं ते लिहा, फोटो काढा.
• जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा लपवणं गुन्हा आहे.

जोगळटेंभीची नाणी एकेक करून बाजारात गेली असती, तर ‘दोन-तृतीयांश’ हा आकडा आपल्याला कधीच कळला नसता. सुट्या नाण्याला फक्त किंमत मिळते. इतिहास कळतो तो ठेवा एकत्र राहिला आणि जागा माहीत असली तरच.