साखळीच्या टोकाचे पाणी

सीताबर्डीचे नाव निघाले की 1817 च्या नोव्हेंबर महिन्यात त्या जोड टेकड्यांवर भोसल्यांच्या व इंग्रजांच्या फौजांत झालेली लढाई अभ्यासकास प्रथम आठवते. राज्य कसे गेले व कोणी घेतले हे सांगणारा इतिहास मोठा खरा; परंतु त्या टेकड्यांच्या पायथ्याशी पुढे जी वस्ती वाढली, तिच्या घरांत हळूहळू घडून आलेले एक स्थित्यंतर कोणत्याही बखरीत नोंदलेले नाही. ते स्थित्यंतर म्हणजे संडासाच्या भिंतीवर बसलेली पाण्याची टाकी होय. ती बिघडली की घरधनी चिडतो, प्लंबरास बोलावतो, आणि दुरुस्त झाली की तिला विसरून जातो. वस्तुतः तिचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी तिच्या बिघाडांचाच इतिहास आहे.

या यंत्राचा उगम विलायतेतला. सर जॉन हॅरिंग्टन या सरदाराने 1596 साली पाण्याने धुऊन निघणाऱ्या शौचकूपाचे वर्णन प्रसिद्ध केले. पण दुर्गंधी उलट घरात शिरण्याचा प्रश्न सुटला नव्हता. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने 1775 साली भांड्याखालच्या नळीस बाक देऊन त्यात थोडे पाणी सदैव राहील अशी योजना केली. पाण्याचेच बूच बसल्यामुळे दुर्गंधीची वाट बंद झाली. तीन वर्षांनी जोसेफ ब्रामाने झडपेत सुधारणा केली. परंतु या साऱ्या कौशल्यास एक गोष्ट अवश्य होती, आणि ती म्हणजे नळाने येणारे पाणी. विहिरीवरून घागरी वाहणाऱ्या घरात टाकीस अर्थ नाही.

नागपुरात ही गोष्ट सीताबर्डीच्या पश्चिमेस असलेल्या अंबाझरी तलावाने घडवून आणली. 1870 च्या सुमारास अलेक्झांडर बिनी या अभियंत्याकडे नागपूरच्या पाणीपुरवठ्याचे काम आले. पाऊस किती पडतो एवढ्यावर न थांबता, पडलेल्या पावसापैकी किती पाणी जमिनीवरून वाहत येते व किती वाफ होऊन उडून जाते, हे त्याने 1869 ते 1872 या काळात नागपूरजवळच्या सुमारे 16 चौरस किलोमीटर क्षेत्रावर मोजून पाहिले. त्याने काढलेली प्रमाणे जलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजही त्याच्याच नावाने शिकविली जातात. पाण्याचा असा काटेकोर हिशेब ज्या शहरात मांडला गेला, त्याच शहरात गळक्या टाकीचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही.

टाकी म्हणजे एक लहानसा तलावच होय. तलावास पाणी येण्याची वाट, भरल्यावर वाहून जाण्याचा सांडवा व हवे तेव्हा पाणी सोडण्याची मोरी असते. टाकीतही हीच तीन अंगे असतात. पाण्यावर तरंगणारा गोळा वर चढला की त्याच्या दांड्याने तोटी बंद होते. सांडव्याच्या जागी बाहेर निघणारी नळी असते. जुन्या बिडाच्या टाकीत मोरीच्या जागी उभी नळी व तीवर पालथी घातलेली लोखंडी घंटा असे. साखळी ओढली की घंटा उचलली जाई, सोडली की आपल्या वजनाने खाली येई. या हालचालीने पाणी नळीच्या काठावरून उसळे, सोबत आतली हवा नेई, आणि मग टाकीतील सारे पाणी एका दमात खेचले जाई. दोन गॅलन, म्हणजे सुमारे 9 लिटर पाणी एवढ्या कामास पुरे होई.

बिघाडही या तीन अंगांचेच असतात. सांडव्याच्या नळीतून धार लागली तर तोटीतील रबरी वायसर झिजला आहे किंवा गोळ्यात पाणी शिरले आहे, असे समजावे. वायसर बदलण्यास नळ बंद करण्यापलीकडे फारसे कष्ट नाहीत. पाणी काठापर्यंत चढत असेल तर गोळ्याचा दांडा किंचित खाली वाकविला, अथवा नव्या टाकीत त्याचा स्क्रू फिरविला, की भागते. जुनी घंटा गंजून तिला भोक पडले तर हवा शिरते आणि पाणी खेचले जात नाही. ती बदलणेच श्रेयस्कर.

आजच्या बहुतेक टाक्यांत घंटा नसून तळाशी रबराची झडप असते. ती हाताळण्यास सोपी खरी, पण तिचा दोष मूक असतो. घंटेच्या टाकीत पाण्यास नळीचा काठ ओलांडावा लागे, म्हणून ते आपोआप भांड्यात झिरपत नसे. याच कारणास्तव इंग्लंडात 2000 सालाच्या अखेरीपर्यंत अशा झडपेस मनाई होती. झिजलेली झडप मात्र रात्रंदिवस गळते व आवाजही करीत नाही. टाकीत थोडी शाई टाकावी. अर्ध्या तासात भांड्यातील पाण्यास रंग चढला तर झडप गळते आहे हे निश्चित. दहा मिनिटांस एक लिटर गळती असली तरी दिवसाचे 144 लिटर होतात. नागपूर आज मुख्यतः पेंच व कन्हान येथून आणलेल्या पाण्यावर जगते. इतक्या दुरून आणून शुद्ध केलेले ते पाणी असे न वापरताच गटारास मिळते.

आणि गटारापुढे काय? लंडनमध्ये शौचकूप वाढले, त्यांचे पाणी थेम्स नदीत गेले, आणि 1858 च्या उन्हाळ्यात दुर्गंधीने पार्लमेंटासही बसवेना; मग भुयारी गटारांची प्रचंड योजना हाती घेण्यात आली. नागपूरचा तोच बिनी पुढे लंडन कौंटी कौन्सिलचा मुख्य अभियंता झाला, आणि तेथील गटारांची व्यवस्था त्याच्या खात्याकडे आली. इकडे अंबाझरीकडून वाहत येणाऱ्या आणि शहरास जिच्यावरून नाव मिळाले असे मानतात त्या नाग नदीसही शहराचे सांडपाणी पोटात घ्यावे लागले. सांडपाण्याच्या अभ्यासास वाहिलेली राष्ट्रीय संस्था 1958 साली नागपुरातच स्थापन झाली, हा योगायोग बोलका आहे.

या इतिहासाचे सर्वांत जड पान मात्र अभियंत्यांचे नाही. टाकी येण्यापूर्वी देशातील शहरांत टोपलीचे संडास होते, आणि तो मैला डोक्यावरून वाहण्याचे काम काही जातींच्या माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले होते. ते बंद करण्यास 1993 व 2013 असे दोनदा कायदे करावे लागले. कायद्याने मनाई होते. त्या माणसाची प्रत्यक्ष सुटका मात्र घरात पाणी आले, बाकाच्या नळीत पाणी उभे राहिले आणि गटार नीट वाहिले म्हणजेच होते. टाकी बंद पडली तर दुरुस्ती होईपर्यंत बादलीभर पाणी जोराने ओतल्यास तेच कार्य होते; परंतु निष्काळजीपणाने गटार तुंबले तर ते मोकळे करण्यास पुन्हा कोणास तरी आत उतरविले जाते.

म्हणून वायसर बदलणे हे क्षुल्लक काम नव्हे. साखळीचे एक टोक घरधन्याच्या हातात असते, दुसरे तलावाशी व नदीशी जोडलेले असते, आणि मध्ये कोठेतरी एक माणूस उभा असतो. त्याच्या माथ्यावरचे ओझे पुन्हा चढू न देणे, हे टाकी दुरुस्त ठेवण्याचे खरे प्रयोजन होय.