फॉरेन करस्पॉन्डंट्स क्लब, हाँगकाँग

परदेशी वार्ताहरांचा आशियातील एक नामांकित क्लब. त्याची स्थापना १९४३ साली चीनमधील चोंगचिंग येथे झाली. जपानी आक्रमणामुळे राष्ट्रवादी सरकारने राजधानी तिथे हलवली होती आणि तिच्या मागोमाग बातमीदारही येऊन दाखल झाले होते. युद्धानंतर क्लब शांघायला गेला. कम्युनिस्टांची सत्ता आल्यावर, १९४९ मध्ये, त्याने हाँगकाँग गाठले.

तिथेही बिऱ्हाड बदलतच राहिले. कॉन्ड्युट रोडवरची त्याची टुमदार हवेली १९५५ च्या ‘लव्ह इज अ मेनी-स्प्लेंडर्ड थिंग’ या हॉलिवूडपटात दिसते, पण रुग्णालय म्हणून. हान सुयिन यांच्या मूळ कादंबरीचा नायक ‘टाइम्स’चे वार्ताहर इयन मॉरिसन यांच्यावर बेतलेला, ते १९५० मध्ये कोरियात मारले गेले. वार्ताहराच्या प्रेमकथेसाठी वार्ताहरांचेच घर मिळावे आणि त्याचा दवाखाना करावा, हे सिनेमावाल्यांनाच सुचावे! जॉन ल कारे यांनी मात्र ‘द ऑनरेबल स्कूलबॉय’ (१९७७) या कादंबरीची सुरुवात क्लबातच, क्लब म्हणूनच केली. तिच्यातला क्रॉ हा मुरलेला पत्रकार रिचर्ड ह्यूज यांच्यावरून उचललेला. सोव्हिएत रशियासाठी हेरगिरी करून पळालेल्या बर्जेस आणि मॅक्लीन यांना १९५६ मध्ये मॉस्कोत गाठणारे ते हेच ऑस्ट्रेलियन बातमीदार.

१९८२ पासून क्लब लोअर अल्बर्ट रोडवर, डेअरी फार्म कंपनीच्या जुन्या शीतगृहात आहे. सभासदांत पत्रकारांखेरीज वकील, उद्योजक आणि मुत्सद्दी यांचाही मोठा भरणा. त्यांच्या वर्गणीवर बराच गाडा चालतो, आणि बातमीदाराला जेवता जेवता चार आतल्या गोष्टी कळतात.

इमारत सरकारी मालकीची. ऑगस्ट २०१८ मध्ये क्लबाने हाँगकाँगच्या स्वातंत्र्याची मागणी करणारे नेते अँडी चॅन यांचे भाषण ठेवले, तेव्हा चीनच्या परराष्ट्र खात्याने ते रद्द करण्यास सांगितले आणि हाँगकाँगचे माजी मुख्य प्रशासक लिअंग चुन-यिंग यांनी थेट भाडेपट्ट्याचाच विषय काढला. भाषण झाले. ऑक्टोबरमध्ये, कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करणारे क्लबाचे उपाध्यक्ष, ‘फायनान्शियल टाइम्स’चे व्हिक्टर मॅलेट यांना व्हिसा वाढवून मिळाला नाही. कारण कधीच सांगितले गेले नाही.

चीनने हाँगकाँगसाठी केलेल्या २०२० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानंतर क्लब सावध झाला. एप्रिल २०२२ मध्ये त्याने मानवी हक्क पत्रकारिता पुरस्कार ऐन निकालाच्या तोंडावर स्थगित केले. निषेध म्हणून क्लबाच्या एका समितीवरील काही पत्रकारांनी राजीनामे दिले. पुढे हे पुरस्कार अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने चालवायला घेतले.